डावललेल्यांची यादी

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा ऑल-स्टार सामना दरवर्षी जुलैच्या मध्यावर होतो. अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग या दोन गटांतले निवडक खेळाडू एका रात्रीपुरते एकत्र येतात, पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, एखाददुसरी इनिंग टाकून मोकळे होतात, आणि सामना कोण जिंकले हे आठवड्याभरात बहुतेकांच्या डोक्यातून जाते. डोक्यात राहते ती निवड. कोणाला घेतले याहीपेक्षा कोणाला घेतले नाही, हे चाहत्याला वीस वर्षांनंतरही तोंडपाठ असते. पद्माकर शिवलकरांना कसोटी सामना का मिळाला नाही, या प्रश्नापायी ज्याचा चहा गार झाला आहे त्या मराठी वाचकाला हे दुखणे निराळे समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की तिकडे निवड समितीला शिव्या देण्याची सोय नाही. सुरुवातीचा संघ चाहत्यांच्याच मतांनी ठरतो. त्यामुळे प्रत्येक चाहता बाकीच्या सगळ्या चाहत्यांना शिव्या देतो.

मताचा हा हक्क सामन्याच्या जन्मापासूनचा आहे. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याला जोडून खेळाचेही काही असावे असे ठरले आणि ‘शिकागो ट्रिब्यून’चे क्रीडा संपादक आर्च वॉर्ड यांनी दोन्ही लीगमधले उत्तमोत्तम खेळाडू समोरासमोर उभे करण्याची कल्पना काढली. वर्तमानपत्रांनी मतपत्रिका छापल्या. ६ जुलैला कॉमिस्की पार्कवर सामना झाला. बेब रूथ तेव्हा ३८ वर्षांचा होता, पोट सुटलेले होते आणि धावणे म्हणजे एक सोपस्कार उरला होता. त्याच्याहून चपळ आउटफील्डर सहज सापडले असते. पण रूथने त्या सामन्यात होम रन मारला, ऑल-स्टार सामन्यांच्या इतिहासातला पहिला, आणि अमेरिकन लीग ४-२ अशी जिंकली. सध्या कोण चांगला खेळतो आहे ते पाहायचे, की लोकांना कोणाला पाहायचे आहे ते पाहायचे, हा वाद अशा रीतीने पहिल्याच दिवशी सुरू झाला आणि दोन्ही पक्षांना त्याच दिवशी पुरावाही मिळाला.

मध्यंतरी काही वर्षे निवड मॅनेजरांकडे गेली. १९४७ साली मतपेटी चाहत्यांकडे परत आली आणि दहा वर्षांनी सिनसिनाटी शहराने तिचे काय करता येते ते दाखवून दिले. १९५७ साली तिथल्या वर्तमानपत्राने वाचकांची गैरसोय टाळण्यासाठी मतपत्रिका आधीच भरून छापली. शहराच्या रेड्स संघातल्या खेळाडूंची नावे तयार, वाचकाने फक्त कापून पाठवायची. नॅशनल लीगच्या आठ जागांपैकी सात रेड्सकडे गेल्या. आठवी, म्हणजे पहिल्या बेसची, सेंट लुईसच्या स्टॅन म्यूझियलने कशीबशी वाचवली. बेसबॉलचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी चौकशी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक मते एकट्या सिनसिनाटीतून आलेली निघाली. फ्रिकनी गस बेल आणि वॉली पोस्ट या दोघा रेड्सना सुरुवातीच्या संघातून काढले आणि त्यांच्या जागी विली मेझ आणि हँक ॲरन यांना घेतले. आज ही दोन नावे वाचणाऱ्याला मुळात वाद कशाचा होता हेच कळत नाही. सिनसिनाटीत मात्र तो अन्याय होता. चाहत्यांचा मताधिकार काढून घेण्यात आला आणि तो १९७० पर्यंत परत मिळाला नाही. सात जणांना ऑल-स्टार करणारा तो रेड्स संघ त्या मोसमात आपल्या लीगमध्ये चौथा आला.

यावरून शहरभक्तीची मते आणि खरी गुणवत्ता यांचा संबंध नसतो, असा निष्कर्ष काढता आला असता. पण २०१५ साली कॅन्सस सिटीने तोही काढू दिला नाही. मतदान तोवर पूर्णपणे संगणकावर आले होते आणि एका ईमेल पत्त्यावरून पस्तीस वेळा मत देता येत होते. पस्तीस ही मर्यादा कोणी व कशी ठरवली हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. तिथल्या रॉयल्स संघाचे चाहते कामाला लागले आणि एका टप्प्यावर अमेरिकन लीगच्या आठ जागांवर रॉयल्सचे खेळाडू आघाडीवर होते. त्यात ओमार इन्फान्ते हा सेकंड बेसचा खेळाडूही होता. त्याची बॅट त्या वर्षी दहांतून जेमतेम दोनदा कामी येत होती. देशभर बोंब उठली. संशयास्पद म्हणून सहा कोटींहून अधिक मते रद्द झाली, इन्फान्तेच्या जागी होझे आल्तुवे आला आणि रॉयल्सचे चार जण उरले. लोकशाही वाचली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. चार महिन्यांनी त्याच रॉयल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाचे विजेतेपद, जिंकली. आमचा अख्खा संघच ऑल-स्टार आहे असे म्हणणाऱ्या लोकांना वेड्यात काढणाऱ्यांपैकी कोणी पुढे दिलगिरी व्यक्त केल्याची नोंद नाही.

मतदार कधी कधी कृतज्ञतेपोटीही मत देतो. १९८९ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियाचा माइक श्मिट निवृत्त झाला. जुलैत तो थर्ड बेससाठी निवडून आला. खेळणे सोडलेल्या माणसाला सर्वोत्तम चालू खेळाडू ठरवण्यात मतदारांना काही वावगे वाटले नाही. श्मिट आला, लोकांना हात केला आणि बाकावर बसला. २००१ साली सिएटलच्या इचिरो सुझुकीला तेहेतीस लाखांहून अधिक मते पडली. मतपत्रिका जपानमध्येही वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे ही तर परदेशी मतांची निवडणूक, अशी कुरकुर झाली. इचिरो त्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कुरकुर करणाऱ्यांनी आपले म्हणणे पुढच्या वर्षासाठी जपून ठेवले.

सुरुवातीचा संघ मतांनी ठरल्यावर राखीव खेळाडू आणि पिचर निवडायचे असतात. खरी भांडणे इथे होतात, कारण तीसपैकी प्रत्येक संघाचा किमान एक तरी खेळाडू घेतलाच पाहिजे असा नियम आहे. चांगल्या संघाच्या चाहत्याला हा नियम म्हणजे गुणवत्तेचा खून वाटतो. वाईट संघाच्या चाहत्याला तो मूलभूत हक्क वाटतो. आणि संघांची दशा पालटत असल्यामुळे दर काही वर्षांनी दोघे आपापली मते एकमेकांना देऊन टाकतात. २००६ साली कॅन्सस सिटीचा संघ इतका गरीब होता की त्यातून शोधून शोधून पिचर मार्क रेडमन निवडला गेला. नऊ इनिंगमागे चारापेक्षा कमी धावा देणारा पिचर बरा समजला जातो. रेडमनचा आकडा मोसमाअखेरीस ५.७१ भरला. त्याच्यावर टीका करणारे पुष्कळ होते. पण कॅन्सस सिटीतून दुसरा कोण घ्यायचा होता, याचे उत्तर देताना तेही अडखळत.

या वादांचा एक ठरलेला आकृतिबंध आहे. चाहता ‘अमक्याला डावलले’ असे म्हणून सुरुवात करतो आणि असे पाच-सहा अमके मांडतो. मग समोरचा विचारतो, बरे, काढायचे कोणाला? इथे शांतता पसरते. संघात जागा मर्यादित, डावललेल्यांच्या यादीला मर्यादा नाही. लग्नाच्या आमंत्रणाइतकेच हे गणित अवघड आहे. त्यात आणखी एक पेच असा, की निवड अर्ध्या मोसमाच्या जोरावर करायची की नावाच्या? एप्रिल ते जून भन्नाट खेळलेला बावीस वर्षांचा पोरगा घ्यावा, की दहा वर्षे उत्तम खेळून यंदा कंबर धरून बसलेला दिग्गज? चाहत्याचे उत्तर ठाम असते आणि आपल्या संघात त्यापैकी कोण आहे, यावर ते अवलंबून असते.

पूर्वी हा वाद डोळ्यांनी पाहिलेल्या खेळावर चाले. आता तो आकड्यांवर चालतो आणि तितकाच लांबतो. यामागचा माणूस बिल जेम्स. कॅन्ससमधल्या एका डबाबंद कडधान्यांच्या कारखान्यात तो रात्रीचा पहारेकरी होता. पहाऱ्याच्या वेळात त्याने बेसबॉलचे आकडे चाळले आणि १९७७ पासून स्वतःच पुस्तिका छापून विकायला काढल्या. त्याचे म्हणणे सोपे होते: सगळे जे आकडे मोजतात ते चुकीचे आहेत. खेळाडू किती वेळा हिट मारतो याला जग भुलते, पण तो किती वेळा बाद न होता बेसवर पोचतो हे जास्त महत्त्वाचे. या परंपरेतून पुढे ‘वॉर’ नावाचा आकडा आला. संघाला कुठूनही स्वस्तात मिळू शकेल अशा एका सामान्य बदली खेळाडूपेक्षा हा खेळाडू किती विजय जास्त मिळवून देतो, ते हा आकडा सांगतो. म्हणजे खऱ्या माणसाची तुलना अस्तित्वात नसलेल्या माणसाशी. तो काल्पनिक बदली खेळाडू ना कधी जखमी होतो, ना पगार मागतो. शिवाय ‘वॉर’ काढण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत आणि त्यांची उत्तरे जुळत नाहीत. साहजिकच चाहता आपल्या माणसाला जी जास्त देते ती पद्धत शास्त्रीय मानतो.

मुळात या प्रदर्शनी सामन्यासाठी इतके रक्त का आटवायचे, असा प्रश्न मधूनमधून विचारला जातो. त्याचे सर्वांत चटका लावणारे उत्तर रे फॉसी या कॅचरच्या वाट्याला आले. १९७० च्या सामन्यात, तोही सिनसिनाटीतच, बाराव्या इनिंगमध्ये पीट रोझ होम प्लेटवर येताना फॉसीवर असा आदळला की फॉसीचा खांदा पुन्हा पूर्वीसारखा झाला नाही. रोझची धाव झाली, नॅशनल लीग जिंकली. निकालाला काही मोल नसलेल्या सामन्यात असे करावे का, यावर अर्धे शतक उलटले तरी लोक भांडतात. उलट टोक २००२ साली मिलवॉकीत दिसले. ११ इनिंगनंतर ७-७ अशी बरोबरी झाली, दोन्ही संघांकडचे पिचर संपले आणि आयुक्त बड सेलिग यांनी हात वर करून सामना अनिर्णित ठरवला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. मग सामन्याला वजन यावे म्हणून २००३ पासून नियम आला: जी लीग हा सामना जिंकेल, तिच्या विजेत्याला वर्ल्ड सिरीजमध्ये घरच्या मैदानाचा लाभ. म्हणजे ऑक्टोबरातली सर्वांत मोठी लढाई कोणाच्या अंगणात व्हायची, हे ठरवणाऱ्यांत रेडमनचीही गणना झाली. २०१६ नंतर हा नियम मागे घेण्यात आला.

ऑल-स्टार निवडीचा वाद संपतो तिथे दुसरा सुरू होतो: जिंकणारा संघ बनतो कसा? जुलैत आपल्या संघात ताऱ्यांची रांग आहे असे ठणकावणारा चाहता ऑक्टोबरात संघ हरला की तारे काय कामाचे, असे म्हणतो. २००१ चा सिएटल मरिनर्स संघ या परिवर्तनाचे प्रयोगशाळेतले उदाहरण आहे. रँडी जॉन्सन, केन ग्रिफी आणि ॲलेक्स रॉड्रिग्ज असे तीन महारथी तीन वर्षांत सोडून गेले होते. उरलेल्या संघाने १६२ पैकी ११६ सामने जिंकले. ऑल-स्टार सामना त्या वर्षी सिएटलमध्येच होता आणि घरच्या आठ खेळाडूंची त्यात वर्णी लागली. ऑक्टोबरात न्यूयॉर्क यँकीजनी त्यांना पाच सामन्यांत घरी बसवले. मोठी नावे गेली म्हणून संघ सुधारला, आणि मोठे नाव नव्हते म्हणून संघ हरला, ही दोन्ही स्पष्टीकरणे त्याच वर्षी, बहुधा त्याच तोंडांनी दिली गेली.

पहिला सिद्धान्त पैशाचा. बेसबॉलमध्ये पगारावर कडक मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेले की कर भरावा लागतो, एवढेच. यँकीजच्या २७ विजेतेपदांकडे बोट दाखवून बाकीचे चाहते म्हणतात, विकत घेतली. मग २०२३ चा न्यूयॉर्क मेट्स संघ पुढे येतो. पगारावर तोवर कोणीही केला नव्हता एवढा खर्च करून त्यांनी ७५ सामने जिंकले आणि ८७ हरले. पैशाच्या बाबतीत मेट्सची परंपराच खास आहे. बॉबी बोनिया हा त्यांचा खेळाडू २००१ नंतर एकही सामना खेळला नाही, पण दर वर्षी १ जुलैला मेट्स त्याला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर देतात. १९९९ नंतर त्याला सोडताना देणे असलेली ५९ लाख डॉलरची रक्कम आठ टक्के व्याजाने पुढे ढकलली होती, तिचे हे हप्ते. ते २०३५ पर्यंत चालतील. तेव्हा बोनिया ७२ वर्षांचा असेल. चाहते हा दिवस सणासारखा पाळतात आणि अशी पेन्शन आपल्याला का नाही, असे एकमेकांना विचारतात.

दुसरा सिद्धान्त हिशेबाचा. २००१ च्या मोसमानंतर ओकलंड ॲथलेटिक्सचा जेसन जियाम्बी यँकीजकडे गेला. जनरल मॅनेजर बिली बीन यांच्याकडे त्याच्या तोडीचा खेळाडू घ्यायला पैसे नव्हते. त्यांनी बाजारात कोणाला नको असलेले, पण वारंवार बेसवर पोचणारे खेळाडू गोळा केले. स्कॉट हॅटेबर्ग हा कॅचर कोपर दुखावल्यामुळे फेकण्याच्या कामाचा राहिला नव्हता. त्याला फर्स्ट बेसवर उभे केले. २००२ मध्ये सुमारे ४ कोटी डॉलर पगारात ओकलंडने १०३ सामने जिंकले, त्यांतले २० सलग. विसावा सामना ११-० अशा आघाडीवरून ११-११ वर आला आणि हॅटेबर्गच्याच होम रनने जिंकला गेला. मायकेल लुइस यांनी २००३ साली ‘मनीबॉल’ पुस्तक लिहिले, पुढे ब्रॅड पिटचा चित्रपट आला, आणि व्यवस्थापन शिकवणाऱ्यांची सोय झाली. बेसबॉलचा जुना चाहता मात्र या गोष्टीला सुरुंग लावायला टपलेला असतो. त्या संघात टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो हे तिघे अव्वल पिचर होते, झिटोला त्या वर्षी सर्वोत्तम पिचरचा मान मिळाला आणि मिगेल तेहादा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ते कोणत्या हिशेबात बसवायचे? त्याच मोसमात यँकीजनीही सुमारे तिप्पट पैसे खर्चून १०३ सामनेच जिंकले. पुढच्या फेरीत दोघेही पहिल्याच मालिकेत बाद झाले. विजेतेपद अनाहाइम एंजल्सना मिळाले, आणि त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

तिसरा सिद्धान्त हरण्याचा. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ड्राफ्टमध्ये, बरीच वर्षे सर्वांत वाईट संघाला पहिली निवड मिळे. तेव्हा थोडे हरण्यापेक्षा भरपूर हरावे, हे ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी ताडले. २०११ ते २०१३ या तीन मोसमांत ते १०६, १०७ आणि १११ सामने हरले. बापाने मुलाला दहावीत नापास होण्याची योजना समजावून सांगावी, तशी चाहत्यांची समजूत काढण्यात आली. २०१३ च्या पहिल्या निवडीत त्यांनी मार्क अपेल हा पिचर घेतला. तो ह्यूस्टनसाठी एकही सामना खेळला नाही. पुढच्याच क्रमांकावर शिकागो कब्जने घेतलेला क्रिस ब्रायंट २०१६ साली सर्वोत्तम खेळाडू झाला आणि कब्जने १०८ वर्षांनी विजेतेपद मिळवले. तरीही ॲस्ट्रोज २०१७ साली जिंकले. योजनेचे पोवाडे गायले गेले. २०२० च्या जानेवारीत चौकशीचा निकाल लागला आणि योजनेत एक कचऱ्याचा डबाही होता असे कळले. प्रतिस्पर्धी कॅचर आपल्या पिचरला करतो त्या खुणा कॅमेऱ्यातून पाहून, पुढचा चेंडू कोणता ते डबा बडवून बॅट्समनला कळवले जात होते. ५० लाख डॉलर दंड झाला. विजेतेपद काढून घेतले नाही.

ड्राफ्टवर श्रद्धा असलेल्यांना माइक पियाझाचे नाव ऐकवले जाते. १९८८ साली लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला ६२ व्या फेरीत, १३९० व्या क्रमांकावर घेतले, तेही मॅनेजर टॉमी लसोर्डा यांची त्याच्या वडिलांशी दोस्ती होती म्हणून. वशिल्याचा हा तट्टू बारा वेळा ऑल-स्टार झाला.

उरतो तो एकोप्याचा सिद्धान्त: खेळाडूंचे आपसांत जमले पाहिजे. हा समालोचकांना विशेष प्रिय आहे, कारण त्याला आकडा लागत नाही. त्याला उत्तर म्हणून १९७२ ते १९७४ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवणारा ओकलंडचाच जुना संघ हजर असतो. १९७४ च्या जूनमध्ये रेजी जॅक्सन आणि बिली नॉर्थ कपडे बदलण्याच्या खोलीत हातघाईवर आले. भांडण सोडवायला एक सज्जन कॅचर मध्ये पडला आणि मानेची चकती गमावून बसला. त्याचे नाव रे फॉसी. ऑल-स्टार सामना गांभीर्याने घ्यावा का आणि संघात एकोपा लागतो का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना हाडे एकाच माणसाची मोडली. संघ त्या वर्षी जिंकला.

सध्या वाद डॉजर्सभोवती फिरतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी शोहेई ओतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला. त्यांतले ६८ कोटी नंतर द्यायचे आहेत. २०२४ आणि २०२५ ची विजेतेपदे त्यांनीच मिळवली, त्यामुळे पैशाचा सिद्धान्त पुन्हा तेजीत आहे. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना टोरंटोत झाला. नवव्या इनिंगमध्ये डॉजर्स ३-४ असे मागे होते, टोरंटोला आणखी दोन जण बाद करायचे होते. त्या वेळी बरोबरीचा होम रन मारला तो ३६ वर्षांच्या मिगेल रोहासने. बॅटपेक्षा क्षेत्ररक्षणासाठी संघात ठेवलेला हा खेळाडू. अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्स ५-४ असे जिंकले. रोहास एकदाही ऑल-स्टार संघात निवडला गेलेला नाही, आणि तोवर कोणाच्याही डावललेल्यांच्या यादीत त्याचे नाव नव्हते.